एसी लावण्याआधी शेजारणीला विचारलंत का?

मैत्रिणींनो, वैशाख लागला की आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर काय उकडतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. समोर समुद्र, पण अंगाची नुसती चिकचिक! अशा दिवसांत बाहेरच्या खोलीत पार्लर, शिवणवर्ग किंवा शिकवणी चालवणाऱ्या बाईला वाटतंच, एक एसी लावून टाकावा. गिऱ्हाईकही टिकेल.

अलिबागच्या माझ्या एका मैत्रिणीने तेच केलं. तळमजल्यावरच्या पार्लरसाठी दीड टनाचा एसी आणला. माणसाने येऊन दुपारच्या दुपारी बसवूनही दिला. बाहेरचा खोका मात्र लावला बोळात, शेजारच्या आजींच्या खिडकीपासून जेमतेम तीन हातांवर. संध्याकाळपर्यंत आजींच्या खोलीची भट्टी झाली. खिडकी लावावी तर वारा नाही, उघडावी तर गरम झोत आणि घरघर. बारा वर्षांचं विरजणाचं देणं-घेणं आठ दिवसांत बंद पडलं. मग तक्रारअर्ज, मग नोटीस, आणि ऐन लग्नसराईत एसी उतरवण्याची पाळी. पार्लरच्या कमाईवर मुलीची फी भरणारी बाई ती. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. “अगं, परवानगी लागते हे मला कुणी सांगितलंच नाही!”

म्हणून हे सांगणं. एसी गारवा तयार करत नाही, खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. दीड टनाचं यंत्र पूर्ण जोरात चालतं तेव्हा खोलीतली सुमारे ५ किलोवॉट उष्णता आणि वर स्वतः खाल्लेल्या विजेची दीडएक किलोवॉट बाहेर फेकतं. म्हणजे पाणी तापवायचे चार मोठे रॉड आजींच्या खिडकीखाली लावून ठेवल्यासारखंच की!

आता कुणाकुणाला विचारायचं ते क्रमाने पाहू.

पहिली परवानगी एसीची नव्हे, खोलीची. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात ‘विकास’ म्हणजे नुसतं बांधकाम नव्हे. इमारतीच्या वापरातला महत्त्वाचा बदलही त्यात येतो. तेव्हा राहत्या खोलीत व्यवसाय चालेल का, आणि बाहेरच्या भिंतीवर यंत्र लावायला काय लागेल, हे अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनसारख्या ठिकाणी नगरपरिषदेत विचारा. खेड्यात असाल तर ग्रामपंचायतीत चौकशी करा. उत्तर लेखी घ्या. तोंडी “चालेल हो” कामाला येत नाही.

घर समुद्राजवळ असेल तर आणखी एक गोष्ट. सीआरझेडचे, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे नियम १९९१ साली आले आणि २०११ व २०१९ मध्ये बदलले. त्यात भरतीरेषेपासूनचं अंतर मोजतात. एसीच्या निमित्ताने नवी खोली किंवा शेड काढायचा बेत असेल, तर आधी हे तपासा.

दुसरी परवानगी सोसायटीची. बाहेरची भिंत सगळ्यांची. भोक कुठे पाडणार, खोका कुठे टांगणार, पाण्याची नळी कुठे सोडणार, याचा साधा नकाशा अर्जाला जोडा.

तिसरी वीज कंपनीची. एसीसाठी मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल का ते विचारा. घरगुती मीटरवर पार्लर चालवलंत तर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. वाचवलेले पैसे व्याजासकट जायचे!

आवाजालाही माप आहे बरं. २००० सालच्या नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे.

खोक्याची चौकट गंज न धरणारी घ्या. खारा वारा लोखंडाला सोडत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने घरांवरचे पत्रे कसे उडवले, ते आपण विसरलेलो नाही.

आणि एकाचं यंत्र दुसऱ्याला जाचतं, ही गोष्ट अलिबागला नवी नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजमापं बिघडणार, म्हणून १९०४ साली अलिबागला चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. वेधशाळेला गाव बदलता आलं. आजींनी कुठे जावं?

माझ्या मैत्रिणीने शेवटी रीतसर अर्ज केला आणि खोका रस्त्याच्या बाजूला, उंचावर नेला. नळ्या लांबल्या, खर्च वाढला. पण अर्ज देण्याआधी ती आजींकडे गेली, जागा दाखवली, “इथे चालेल ना?” म्हणून विचारलं. आजी म्हणाल्या, “हे आधीच विचारलं असतंस तर?”

कचेरीतली परवानगी कागदावर मिळते. ही दुसरी मात्र दारात जाऊनच मागावी लागते, आणि तीही भिंतीला भोक पाडण्याआधी.