बँकेने शुल्क अचानक वाढवले तर हरकत कशी नोंदवावी?

नवी दिल्ली : क्रेडिट कार्डाचे मासिक विवरणपत्र येते आणि वार्षिक शुल्काच्या रकान्यात नेहमीच्या ५०० रुपयांऐवजी १,५०० रुपयांची नोंद दिसते. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला, की ५९० रुपयांच्या जागी १,७७० रुपये भरावे लागतात. अशा वेळी काही ग्राहक निमूटपणे रक्कम भरतात, तर काही जण संतापून संपूर्ण बिलच थकवतात. पहिल्या मार्गाने हक्काचे पैसे जातात आणि दुसऱ्या मार्गाने पतनोंद बिघडण्याचा धोका निर्माण होतो. नियमांनी ग्राहकाला याहून चांगला मार्ग उपलब्ध करून दिला आहे. मात्र त्यासाठी आपली हरकत नेमकी कशाला आहे, हे आधी स्पष्ट असावे लागते.

शुल्क ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

बँकांच्या सेवाशुल्काचे दर रिझर्व्ह बँक ठरवत नाही. सप्टेंबर १९९९ पासून हा निर्णय प्रत्येक बँकेच्या संचालक मंडळाकडे सोपवण्यात आला आहे. शुल्क वाजवी असावे, एवढीच नियामकाची सर्वसाधारण अपेक्षा आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये याचा प्रत्यय आला. आयसीआयसीआय बँकेने महानगरे व शहरांतील नव्या बचत खात्यांसाठी सरासरी मासिक शिल्लक १०,००० रुपयांवरून ५०,००० रुपये केली, तेव्हा किमान शिल्लक किती असावी हे बँकांनीच ठरवायचे आहे, असे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी स्पष्ट केले. पुढे टीका वाढल्यावर बँकेनेच ही रक्कम १५,००० रुपयांवर आणली.

त्यामुळे ‘शुल्क फार आहे’ एवढीच तक्रार सहसा टिकत नाही. बँकेच्या व्यावसायिक निर्णयाविरुद्धची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल योजनेत स्वीकारली जात नाही. परंतु दर ठरवण्याचे स्वातंत्र्य असले, तरी तो लागू करण्याच्या पद्धतीला बंधने आहेत. पूर्वसूचना मिळाली होती का, आकारणी मागील तारखेपासून झाली का आणि बाहेर पडण्याची संधी दिली गेली का, हे तीन प्रश्न ग्राहकाच्या तक्रारीला आधार देतात.

नियम काय सांगतात?

क्रेडिट कार्डांविषयी रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये सविस्तर निर्देश जारी केले. त्यांनुसार व्याजाव्यतिरिक्त इतर शुल्कांतील बदल किमान एक महिन्याची सूचना देऊन आणि पुढील काळासाठीच लागू करता येतो. बदल ग्राहकाला प्रतिकूल असेल आणि त्यामुळे तो कार्ड परत करू इच्छित असेल, तर थकबाकी चुकती करण्याच्या अटीवर, बंद करण्याचे वेगळे शुल्क न घेता त्याला तशी मुभा द्यावी लागते. थकबाकी नसलेले कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजी दिवसांत पूर्ण न झाल्यास विलंबाच्या प्रत्येक दिवसासाठी ग्राहकाला ५०० रुपये देण्याची तरतूद आहे. कार्ड देताना स्पष्टपणे न सांगितलेले शुल्क ग्राहकाच्या संमतीविना आकारता येत नाही.

बचत खात्याच्या किमान शिलकीत किंवा ती न राखल्याच्या शुल्कात बदल करतानाही विद्यमान खातेदारांना किमान एक महिना आधी कळवणे आवश्यक आहे. एप्रिल २०१५ पासून लागू असलेल्या नियमांनुसार शिल्लक कमी झाल्यास आधी सूचना देऊन ती भरून काढण्यासाठी महिनाभराचा अवधी द्यावा लागतो, दंड तुटीच्या प्रमाणात असावा लागतो आणि केवळ या दंडामुळे खाते उणे शिलकीत जाता कामा नये. किमान शिलकीचे ओझे नको असलेल्यांना त्याच बँकेत मूलभूत बचत ठेव खात्याचा पर्याय मागता येतो.

तक्रारीपूर्वीची तयारी

तक्रार लिहिण्यापूर्वी जुने व नवे विवरणपत्र शेजारी ठेवावे. कार्ड किंवा खाते घेताना मिळालेले शुल्कपत्रक शोधावे. मोबाइलवरील संदेश व ईमेल तपासावेत आणि त्यातील नको असलेल्या संदेशांचा कप्पाही पाहावा, कारण सूचना पाठवली होती, असे उत्तर बँकेकडून येऊ शकते. सूचना सापडली, तर तिची तारीख आणि शुल्क लागू झाल्याची तारीख यांत महिन्याचे अंतर आहे का, ते मोजावे.

त्यानंतर बँकेकडे लेखी तक्रार करावी. दूरध्वनीवर बोलणे झाले तरी तक्रार क्रमांक घ्यावा आणि त्याचा उल्लेख करून ईमेल पाठवावा. आकारणीची तारीख, जुनी व नवी रक्कम, सूचनेबाबतची वस्तुस्थिती आणि नेमकी मागणी एवढाच मजकूर पुरेसा असतो. शुल्क परत मागताना त्यावरील वस्तू व सेवा करही परत मागावा. ही बाब अनेकदा सुटून जाते. क्रेडिट कार्डाच्या बिलावर हरकत घेतल्यास ३० दिवसांच्या आत स्पष्टीकरण आणि आवश्यक तेथे कागदोपत्री पुरावा देणे कार्ड देणाऱ्या संस्थेवर बंधनकारक आहे.

दरम्यान वादात नसलेली रक्कम देय तारखेपूर्वी भरावी. वादग्रस्त रक्कमही भरावी लागली, तर ती हरकत कायम ठेवून भरत असल्याचे लेखी कळवावे. वाद प्रलंबित असलेल्या कार्डांची थकबाकी पतमाहिती कंपन्यांना कळवताना विशेष काळजी घेण्याचे निर्देश असले, तरी एकदा झालेली चुकीची नोंद दुरुस्त करून घेणे त्रासदायक ठरते.

बँकेने दाद न दिल्यास

तक्रार नाकारण्यापूर्वी मोठ्या बँकांना ती आपल्या अंतर्गत लोकपालाकडे पाठवावी लागते. नकाराचे उत्तर आल्यास हा टप्पा पार पडला का, हे विचारावे.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर असमाधानकारक वाटले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. १२ नोव्हेंबर २०२१ पासून देशभरासाठी एकच एकात्मिक व्यवस्था सुरू झाली असून, आपली शाखा कोणत्या लोकपालाच्या हद्दीत येते, हे शोधावे लागत नाही. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या तक्रार संकेतस्थळावर विनामूल्य नोंदवता येते आणि मार्गदर्शनासाठी १४४४८ हा दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे. सहकारी पतसंस्था मात्र या व्यवस्थेत येत नाहीत. त्यांच्याविरुद्ध सहकार निबंधकांकडे जावे लागते.

दुसरा मार्ग ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतूनही तक्रार सांगता येते. तेथे तोडगा न निघाल्यास जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दावा दाखल करता येतो. सेवेसाठी दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास दाव्याला शुल्क नाही. ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील आयोगातही दावा करता येत असल्याने मुंबईत मुख्यालय असलेल्या बँकेविरुद्ध इंदूर, वडोदरा किंवा बेळगावच्या रहिवाशाला मुंबई गाठण्याची गरज नाही. मात्र एकच प्रकरण न्यायालयात किंवा आयोगात प्रलंबित असताना लोकपाल ते हाती घेत नाही, म्हणून क्रम विचारपूर्वक ठरवावा.

बँकेने महिनाभर आधी योग्य सूचना दिलेली असेल, तर पैसे परत मिळण्याची शक्यता कमी असते. अशा वेळी नवा दर लागू होण्यापूर्वीच कार्ड परत करणे किंवा खाते बदलणे हाच व्यवहार्य उपाय ठरतो. सूचनेचा एक महिना त्यासाठीच दिलेला असतो आणि न वाचलेल्या संदेशामुळे तो वाया गेला, तर हरकतीचा सर्वांत सोपा मार्गही बंद होतो.