आधी 67 टक्के ‘हो’, मग 66 टक्के ‘हो’: आयर्लंडने गर्भपाताच्या कायद्यावर मत कसं बदललं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा आजचा भाग लिहून. आधीच सांगतो, यात गर्भपात, बलात्कार आणि एका तरुण मुलीच्या मृत्यूचा विषय आहे. नको वाटत असेल तर पुढच्या भागात भेटूच.

तर, दोन आकडे लक्षात ठेवा. 1983 मध्ये आयर्लंडमध्ये गर्भपाताच्या प्रश्नावर सार्वमत झालं. म्हणजे निर्णय खासदारांनी नाही, थेट लोकांनी मत टाकून घ्यायचा. 66.9 टक्के लोक म्हणाले ‘हो’. 2018 मध्ये त्याच प्रश्नावर पुन्हा सार्वमत. 66.4 टक्के लोक म्हणाले ‘हो’. पहिल्या ‘हो’ने गर्भपातावरची बंदी राज्यघटनेत घातली. दुसऱ्या ‘हो’ने ती काढून टाकली.

आता तुम्ही म्हणाल, लोकांनी धर्मच सोडला असेल. तसं नाही. 2016 च्या जनगणनेत तिथल्या 78 टक्के लोकांनी स्वतःला कॅथलिक म्हटलं होतं. म्हणजे 2018 मध्ये ‘हो’ म्हणणाऱ्यांत कॅथलिक भरपूर होते. मग बदललं काय? आजचा भाग त्याबद्दल आहे.

बंदी घटनेत का घातली?

गर्भपात तिथे ब्रिटिश काळातल्या 1861 च्या कायद्याने गुन्हा होताच. मग घटनेत वेगळं लिहायची गरज काय? तर 1973 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा हक्क मान्य केला आणि आयर्लंडमधल्या गर्भपातविरोधी गटांना धास्ती बसली, उद्या आपलं कोर्टही असंच म्हणालं तर? घटनेतच लिहिलं की प्रश्न मिटला. चर्चचा शब्द तेव्हा घरात, शाळेत, दवाखान्यात सगळीकडे चालायचा. 1985 पर्यंत कंडोम घ्यायलासुद्धा कायद्याने डॉक्टरची चिठ्ठी लागायची, यावरून काय ते समजा.

अशी आली आठवी घटनादुरुस्ती. तिचा अर्थ असा की पोटातल्या बाळाचा जगण्याचा हक्क आईच्या हक्काइतकाच. ऐकायला बरोबर वाटतं. पण दोघांपैकी एकालाच वाचवता येत असेल, तर डॉक्टरने काय करायचं? याचं स्पष्ट उत्तर त्या ओळीत नव्हतं.

पहिला धक्का: 1992

एक 14 वर्षांची मुलगी. बलात्कारातून गरोदर. जीव द्यावासा वाटतो म्हणत होती. आईवडील तिला गर्भपातासाठी इंग्लंडला घेऊन गेले, तर हायकोर्टाने मनाई हुकूम काढला. देशभर लोक रस्त्यावर उतरले. शेवटी सुप्रीम कोर्ट म्हणालं, आईच्या जिवाला खरा धोका असेल, अगदी आत्महत्येचा असला तरी, गर्भपात करता येईल.

त्याच वर्षी पुन्हा मतदान झालं. गर्भपातासाठी परदेशी जायला आणि त्याची माहिती मिळवायला लोकांनी परवानगी दिली. आत्महत्येचं कारण वगळायचा प्रस्ताव मात्र फेटाळला. 2002 मध्ये तसाच प्रस्ताव परत आला आणि एक टक्क्याहूनही कमी फरकाने पडला. म्हणजे देश जवळजवळ मधोमध दुभंगलेला.

दरम्यान व्यवहार काय चालला होता? 2001 मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये गर्भपात करून घेताना 6,600 हून जास्त बायकांनी आयर्लंडचा पत्ता दिला. 2016 मध्येही 3,265 जणींनी, म्हणजे रोजच्या आठ-नऊ. जिच्याकडे तिकिटाचे पैसे होते ती गुपचूप जाऊन यायची. जिच्याकडे नव्हते तिचं काय, हे कोणी बोलायचं नाही.

सविता

आणि मग ऑक्टोबर 2012. सविता हलप्पनवार, वय 31, डेंटिस्ट. आपल्या शेजारच्या बेळगावची मुलगी, लग्नानंतर आयर्लंडच्या गॉलवे शहरात राहायची. 17 आठवड्यांची गरोदर असताना पाठीत दुखायला लागलं म्हणून ती दवाखान्यात दाखल झाली. गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांनाही कळलं होतं. तिने आणि नवऱ्याने गर्भपाताची विनंती केली. पण बाळाच्या हृदयाचे ठोके चालू होते, म्हणून नकार मिळाला. हा कॅथलिक देश आहे, असं तिला सांगितलं गेलं. आपण तसं म्हणालो होतो हे एका नर्सने पुढे मृत्यूच्या चौकशीत मान्य केलं. इन्फेक्शन रक्तात पसरलं आणि 28 ऑक्टोबरला सविता गेली.

विचार करा. ती ज्या देशातून आली होती तिथे 1971 पासून गर्भपाताचा कायदा आहे. तिला आपला जीव वाचवायचा होता, आणि अडचण एका घटनेतल्या ओळीची होती.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. चौकशीत दवाखान्याच्या चुकाही निघाल्या. इन्फेक्शनची लक्षणं वेळेत ओळखली गेली नाहीत. बंदीच्या बाजूचे लोक आजही म्हणतात की दोष कायद्याचा नव्हता, उपचारांचा होता. पण लोकांनी वेगळा प्रश्न विचारला: डॉक्टर ठोके थांबायची वाट का बघत बसले? 2013 मध्ये सरकारने आईचा जीव धोक्यात असेल तेव्हापुरता कायदा केला. बेकायदा गर्भपाताला शिक्षा 14 वर्षांपर्यंत तुरुंग!

99 माणसं एका खोलीत

मला या सगळ्यात सर्वात जास्त आवडलेला भाग हा. 2016 मध्ये सरकारने एक नागरिक सभा भरवली. एक न्यायाधीश अध्यक्ष आणि देशभरातून निवडलेली 99 साधी माणसं. पाच वीकेंड ते बसले. डॉक्टर ऐकले, वकील ऐकले, दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते ऐकले, आणि स्वतः यातून गेलेल्या बायकांचे आवाज रेकॉर्डिंगवर ऐकले. शेवटी 64 टक्के सदस्यांचं मत पडलं की ठरावीक आठवड्यांपर्यंत बाईला कारण विचारूच नये. पुढाऱ्यांना वाटत होतं त्याच्या कितीतरी पुढे ही साधी माणसं गेली.

2018 मध्ये पंतप्रधान होते लिओ वराडकर. हो, आपल्या मालवणजवळच्या वराड गावचं आडनाव. ते स्वतः आधी गर्भपाताच्या विरोधात होते. मत हळूहळू बदललं, असं त्यांनी उघडपणे सांगितलं आणि ‘हो’चा प्रचार केला. सविताच्या वडिलांनी बेळगावहून मतदारांना ‘हो’ म्हणायचं आवाहन केलं. परदेशात राहणारी आयरिश पोरं मत द्यायला विमानं पकडून घरी आली.

25 मे 2018 च्या मतदानाचा निकाल स्पष्ट होता. एक डोनेगल सोडलं तर सगळीकडे ‘हो’. 65 वर्षांपुढच्या लोकांमध्ये मात्र बहुमत ‘नाही’चं होतं, असं एक्झिट पोल सांगतात. जानेवारी 2019 पासून 12 आठवड्यांपर्यंत कारण न देता गर्भपात करता येतो, मधे तीन दिवस थांबावं लागतं. त्यानंतर फक्त जिवाला किंवा तब्येतीला गंभीर धोका असेल, किंवा बाळ जगणारच नसेल तर.

मग बदललं काय?

‘नाही’ म्हणणारे 7 लाख 23 हजारांहून जास्त होते. त्यांना मागासलेले म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण चुकीचं. पोटातला जीव हा जीव आहे, हे त्यांचं म्हणणं मनापासूनचं होतं.

आणि माझ्या मते ‘हो’ म्हणणाऱ्या अनेकांनाही तसंच वाटत होतं. फरक एवढाच की त्यांनी दोन प्रश्न वेगळे केले. पहिला, ‘मी काय करेन?’ दुसरा, ‘शेजारणीने काय करायचं हे पोलिसांनी ठरवावं का?’ 1983 मध्ये दोन्हीचं उत्तर एकच समजलं जायचं. मधल्या 35 वर्षांत चर्चच्या संस्थांमध्ये मुलांवर झालेले अत्याचार उघड झाले, त्यामुळे नैतिकतेचा शेवटचा शब्द कोणाचा, यावर लोकांना शंका आली. आणि गप्प बसलेल्या बायका बोलू लागल्या. इंग्लंडला गेलेली ती ‘कोणीतरी’ आपली बहीण होती, आपली मावशी होती, हे घराघरात कळलं.

म्हणून पुढच्या वेळी कोणी विचारलं की ‘तू गर्भपाताच्या बाजूने आहेस की विरोधात’, तर आधी त्यालाच विचारा: कशाबद्दल म्हणतोस, माझ्या मनाबद्दल की कायद्याबद्दल? उत्तरं वेगळी असू शकतात.

हा भाग आवडला तर घरच्या ग्रुपवर टाका. भांडण झालं तरी चालेल, निदान बोलणं तरी होईल. भेटूया पुढच्या भागात!