घरातला सिनेमा, भाग 7 : आकडा वॅटचा, हिशेब ओहमचा

गेल्या आठवड्यात आपण खोलीचं माप घेतलं. आता त्या खोलीत बसतील असे स्पीकर आणि त्यांना पेलेल असा रिसीव्हर यांची जोडी जमवायची आहे. नांदेडला वजिराबादेत जा नाहीतर लातूरला गंजगोलाईच्या आसपास, दुकानात गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं तो एकच : "किती वॅटचा आहे?" स्वस्त सेटच्या खोक्यावर तर पीएमपीओ म्हणून हजारांतला आकडा छापलेला असतो. तो कसा मोजायचा याचा कुठलाही ठरलेला नियम नाही. त्याच्याकडे बघूच नका.

आपल्याकडे बोअरमध्ये मोटार टाकताना कोणी नुसता एचपी विचारत नाही. बोअर किती फूट, पाणी किती खोल, पाइप किती इंची, हे कळल्याशिवाय दुकानदारही मोटार काढून देत नाही. तीच चौकशी इथे करायची. वॅट किती, हा अर्धाच प्रश्न झाला. किती ओहमवर (म्हणजे स्पीकरच्या किती रोधावर), कोणत्या कंपनसंख्येला आणि एका वेळी किती चॅनेल चालवून, हा उरलेला अर्धा.

उदाहरण म्हणून यामाहाचा आरएक्स-व्ही385 हा सुरुवातीच्या किमतीतला 5.1 रिसीव्हर घेऊ. त्याच्या माहितीपत्रकात 100 वॅटही लिहिलेले आहेत आणि 70 वॅटही. 100 वॅट मिळतात ते एकच चॅनेल चालू ठेवून, 1 किलोहर्ट्झच्या एकाच सुरावर, 6 ओहमला. 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ हा पूर्ण पट्टा आणि दोन चॅनेल एकदम धरले की तोच रिसीव्हर 70 वॅट देतो. यात खोटं काही नाही, पण खरेदीच्या हिशेबात धरायचा आकडा 70 आहे. पाचही चॅनेल एकदम जोरात वाजले तर प्रत्येकाच्या वाट्याला त्याहून कमी येतं, कारण आत ट्रान्सफॉर्मर एकच असतो.

70 ऐकून हिरमुसू नका. स्पीकरच्या कागदावर 'सेन्सिटिव्हिटी' नावाचा एक आकडा असतो. 1 वॅट दिला तर 1 मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो, ते तो सांगतो. समजा स्पीकर 87 डेसिबलचा आहे आणि तुम्ही दहा फुटांवर बसता. पुढचे दोन स्पीकर मिळून तिथे 1 वॅटला जेमतेम 80 डेसिबल पोचतात. रोजच्या बोलण्याचा आवाज 60 डेसिबलच्या आसपास असतो, म्हणजे 80 हा चांगला दणदणीत आवाज झाला. 10 वॅटला तो 90 होतो आणि 70 वॅटला 98च्या पुढे जातो. बारा बाय चौदाच्या हॉलला याहून जास्त लागत नाही, शेजारची भिंत सामाईक असेल तर नाहीच नाही.

आता तीच बेरीज उलटी करून बघा. दर 3 डेसिबलला वॅट दुप्पट लागतात. 84 डेसिबलच्या स्पीकरला जिथे 80 वॅट लागतील, तिथे 90 डेसिबलचा स्पीकर 20 वॅटमध्ये तेवढाच वाजतो. म्हणून कमी बजेटमध्ये रिसीव्हरचे वॅट वाढवण्यापेक्षा जास्त सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर शोधणं केव्हाही स्वस्त पडतं. फक्त आकडा '2.83 व्होल्ट'ला दिला असेल तर ओहमही वाचा. 8 ओहमला तो 1 वॅट होतो, पण 4 ओहमला 2 वॅट, म्हणजे 3 डेसिबल फुकटचे मोजलेले असतात.

खरी फसगत ओहममध्ये होते. जुना डीव्हीडी होम थिएटरचा सेट बिघडतो, स्पीकर मात्र ठणठणीत असतात. मग नवा रिसीव्हर आणून तेच त्याला जोडावेत असं कुणालाही वाटतं. त्या स्पीकरच्या पाठीमागची पट्टी आधी वाचा. अशा सेटमधले बरेच स्पीकर 3 किंवा 4 ओहमचे असतात आणि रिसीव्हरच्या पाठीवर कमीत कमी 6 ओहम लिहिलेलं असतं. हळू आवाजात सगळं ठीक चालतं. लग्नाची कॅसेट संपून मारधाडीचा सिनेमा लागला की रिसीव्हर तापतो आणि प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद पडतो. एकाच टर्मिनलवर 8 ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तरी ते 4 ओहमच होतात.

आपल्या भागाची आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे कूलर. एप्रिल ते जून खिडकीत कूलर आणि डोक्यावर पंखा घरघरत असताना धमाके ऐकू येतात, पण संवाद बुडतात. सिनेमातले बहुतेक संवाद मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतात. म्हणून पैसे पुढच्या तीन स्पीकरवर घाला आणि सेंटर डाव्या-उजव्याच्याच कंपनीचा, त्याच मालिकेतला घ्या. नाहीतर पात्र पडद्यावर इकडून तिकडे गेलं की आवाजाचा पोतच बदलतो. मागचे दोन स्पीकर दिवाळीला घेतले तरी चालतील. उन्हाळ्यात सेंटरची पातळी 2-3 डेसिबलनी वाढवून ठेवा. सेटिंगमध्ये सगळे स्पीकर 'स्मॉल' करून क्रॉसओव्हर 80 हर्ट्झला लावा. खालचा जड आवाज सबवूफरकडे जातो आणि रिसीव्हरचा भार हलका होतो.

वायर इलेक्ट्रिकच्या दुकानातली साधी तांब्याची दीड एमएमची पुरते. दहा मीटर अंतराला जाऊन-येऊन तिचा रोध पाव ओहमही होत नाही. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर घेऊ नका. टोक खरवडलं की आतून पांढरी दिसते. सोललेल्या टोकाची एकही तार शेजारच्या टर्मिनलला टेकू देऊ नका. आणि 42-43 अंशांच्या मे महिन्यात रिसीव्हर टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात कोंडू नका, वर फूटभर जागा मोकळी ठेवा.

दुकानात जाताना एक सिनेमा सोबत न्या. मी 'सैराट' सुचवेन. अजय-अतुल यांनी त्याच्या संगीतासाठी हॉलिवूडमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ध्वनिमुद्रित केला होता आणि संवाद आपल्या कानांना ओळखीच्या ग्रामीण बोलीतले आहेत. एक गाणं आणि एक संवादाचा प्रसंग प्रत्येक जोडीवर सारख्याच आवाजात ऐका. ओहम, सेन्सिटिव्हिटी आणि दोन चॅनेलवरचे वॅट, हे तीन आकडे दुकानदाराकडून कागदावर लिहून घ्या आणि मगच भाव करायला बसा. पुढच्या आठवड्यात सबवूफर.