काळे वाफे, खारी जमीन

वडखळ नाक्यावर मुंबईहून येणाऱ्या गाड्यांची वाटणी होते. गोव्याला जाणारे सरळ जातात, अलिबागकर उजवीकडे वळतात. पोह्याचे पापड, मिरगुंडं, लोणच्याच्या बरण्या आणि हंगाम असला तर पांढऱ्या कांद्याच्या माळा दोघांनाही सारख्याच खुणावतात. उजवीकडे वळणाऱ्यांत शनिवार-रविवारचे बंगलेवाले पुष्कळ. या बंगल्यांच्या अंगणात सध्या एक नवी वस्तू मानाने बसलेली दिसते: पत्र्याची, पावडर कोटिंग केलेली, सरळ कडांची काळी पेटी. गुडघ्याएवढी उंच, आत माती, मातीत बेसिल, लेट्यूस, गवती चहा. मागे पांढरी भिंत, खाली करडी फरशी. दिसतं सुरेख, त्यात वाद नाही. काळ्याशेजारी हिरवा जसा उठतो तसा विटकरी कुंडीशेजारी उठत नाही.

विलायती मासिकांतून आलेली ही कल्पना आपल्या मातीत नवखी आहे, असं मात्र कुणी समजू नये. काळा आणि उंच वाफा कोकणाने पिढ्यान्‌पिढ्या केला आहे. त्याला राब म्हणतात. भाताची रोपं काढायची जागा जरा चढावर निवडायची, म्हणजे पाणी साचत नाही. तिच्यावर शेण, त्यावर झाडांचं कवळ, मग गवत-पालापाचोळा आणि सर्वांत वर बारीक मातीचा पातळ थर. चैत्र-वैशाखात वाऱ्याच्या उलट्या बाजूने आग लावायची, कारण भडका उडाला तर काम फुकट; धुमसत धुमसत, खालची माती भाजत आग सरकली पाहिजे. विझल्यावर राहते ती काळी, भुसभुशीत, तणाचं बी मेलेली जमीन. पहिल्या पावसानंतर तिच्यावर रोप असं तरारतं की शेजारची न भाजलेली पट्टी ओशाळी वाटावी.

राबावरून सरकारदरबारी भांडणंही झाली. इंग्रजांच्या जंगल खात्याने झाडं खांदायला बंदी घालायला सुरुवात केली, तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत इतका असंतोष माजला की मुंबई सरकारला १८८५मध्ये चौकशीसाठी जंगल आयोग नेमावा लागला. कवळ तोडायचा हक्क हा त्यातला कळीचा मुद्दा होता. (कुलाब्याचं रायगड झालं ते १९८१मध्ये.) पुढे विलायत सरकारने पाठवलेले रसायनशास्त्रज्ञ व्होल्कर यांनी हिंदुस्थानच्या शेतीवरचा आपला अहवाल १८९३मध्ये प्रसिद्ध केला, त्यातही राबाची दखल आहे. साहेबाला जे रानटी वाटत होतं त्यामागे काही हिशेब असावा, एवढं तरी कागदावर आलं. आता भाजणीऐवजी गादीवाफ्याची शिफारस होते. साधारण मीटरभर रुंद, वीतभरापेक्षा कमी उंच. काळा रंग गेला, उंची राहिली.

पण वडखळची गंमत वेगळीच आहे. गावाच्या पूर्वेला डोंगराची गोडी जमीन, जिथे राब चालतो. पश्चिमेला अंबा नदी आणि धरमतरची खाडी, म्हणजे खारेपाट. तिथे जुन्या काळी ना राब, ना नांगर. चिखलात मोड आलेलं बियाणं फेकायचं, त्याला रहू म्हणतात. या जमिनीचं शत्रुत्व मिठाशी. भरतीचं पाणी बाहेर ठेवायला मातीचे बांध आणि आतलं पावसाचं पाणी सोडायला उघाडी. ओहोटीला आतल्या पाण्याच्या जोराने उघाडीचं दार उघडतं, भरतीला बाहेरच्या पाण्याने आपोआप दाबून मिटतं. ना वीज, ना माणूस. बांध फुटला की गाव एकत्र येऊन तो बांधी. या सामाईक व्यवस्थेला जोळ म्हणत. एवढे कष्ट करून पिकलेलं भात जायचं कुठे, तर बरंचसं खोताच्या कणगीत. अलिबागच्या वाटेवर पोयनाडजवळचं चरी गाव त्यावरूनच पेटलं. नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने २७ ऑक्टोबर १९३३ रोजी सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप सहा वर्षांच्या आसपास चालला. स्वातंत्र्यानंतर बांधांची जबाबदारी सरकारवर आली. आजचा खारभूमी विकास कायदा १९७९चा. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने खारं सोसणारी भाताची वाणं दिली, त्यांची नावंच पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशी आहेत.

एप्रिलमध्ये खारेपाटातल्या एखाद्या पडीक तुकड्यावर वाकून बघावं. भेगांच्या कडांना पांढरी, खरखरीत साय धरलेली असते. बोटावर घेऊन जिभेला लावली तर मीठच. खालचं खारं पाणी मातीच्या बारीक नळ्यांतून वर चढतं, ऊन पाणी उडवून नेतं, मीठ मागे राहतं. आषाढातला पाऊस तेच मीठ विरघळवून उघाडीतून बाहेर घालवतो, तेव्हा कुठे भात होतं. केरळातले पोक्काळी शेतकरी याच कारणासाठी खाजणात मातीचे ढिगारे उभारतात. पावसाने ढिगारा धुतला गेला की त्यावर बी रुजवतात आणि रोपं वाढली की ढिगारा मोडून शेतभर पसरतात. खारेपणा मोजतात दर मीटरला डेसिसायमनमध्ये; भात निदान तीनेकपर्यंतचा बिनतक्रार सोसतं. लेट्यूसचं उत्पन्न सव्वा-दीडच्या आतच घसरायला लागतं, कांद्याचं त्याच सुमाराला, घेवड्याचं तर एकलाच. (खाऱ्या जमिनीची व्याख्याच चारपासून सुरू होते.) म्हणजे वडखळच्या पश्चिमेला परसबाग करायची तर वाफा उचलण्यावाचून गत्यंतर नाही. इथे उंची ही हौस नव्हे.

आता पेटीकडे. चार फूट रुंद, आठ फूट लांब, दीड फूट उंच. चार फुटांहून रुंद नको, कारण दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे. गुणाकार केला तर ४८ घनफूट माती, म्हणजे अर्ध्या ब्रासला दोन घनफूट कमी. माती पोत्याने विकत आणणाऱ्याला हा आकडा ऐकून घाम फुटतो. भिजल्यावर हे वजन दोन टनांच्या घरात जातं. अंगणात चालेल. गच्चीवर नाही: माणसांच्या वावराची गच्ची साधारणपणे दर चौरस मीटरला दीडशे किलो अतिरिक्त भार धरून बांधतात आणि ही पेटी त्याच्या चौपट-पाचपट टाकते. गच्चीवाल्यांनी कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराची वाट धरावी. पालापाचोळा कुजवून केलेली हलकी माती आणि उथळ वाफा. मुंबई बंदराच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातला ओला कचरा जिरवून बाग फुलवली ती याच विचारातून.

पेटीच्या तळाबद्दल एक गैरसमज सार्वत्रिक आहे. तळाला खडी किंवा विटांचे तुकडे घातले की पाणी पटकन निघून जातं, असं सगळेच सांगतात. तसं होत नाही. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहजी उतरत नाही. माती पुरती भिजेपर्यंत ते सांध्यावरच अडून राहतं. पण खारेपाटात हीच अडवणूक उपकारक ठरते, कारण जे पाणी वरून खाली उतरत नाही ते खालून वरही चढत नाही. जमिनीवर चार-सहा इंच खडीचा थर, त्यावर पेटी, पेटीला तळ नाही. मीठ खडीपाशी थांबतं. तळ बंद असलेली पेटी घेतली असेल तर जुलैत तिचं तळं होतं. अलिबागला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पेणला त्याहून जास्त. विलायतेतल्या फोटोंत हा पाऊस नसतो.

आणि रंग. काळा पत्रा तिथे वसंतात माती लवकर गरम व्हावी म्हणून उपयोगी. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी चार वाजता पश्चिमेच्या कडेला तळवा टेकवून बघावा; क्षणभरही ठेववत नाही. कडेला लागून असलेली चार बोटं माती इतकी तापते की कोवळी मुळं भाजतात आणि झाड मधल्या मातीवर तगून राहतं. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत हेच होतं, ग्रो बॅगेतही होतं. माझं मत विचाराल तर काळा बाहेरून असण्यापेक्षा आतून असावा. पोह्यांच्या भट्ट्या आणि गिरण्यांमुळे पेण भागात भाताच्या तुसाला तोटा नाही. तूस अर्धवट जाळला की काळा, हलका, पोकळ माल मिळतो. मातीत मिसळला की ती घट्ट बसत नाही आणि ओल धरते. राबाची ही धाकटी आवृत्ती.

नेरळच्या सगुणा बागेत शेखर भडसावळे यांनी तर भाताचं अख्खं शेतच कायमच्या गादीवाफ्यांवर चढवलं. एसआरटी म्हणून ते तंत्र प्रसिद्ध आहे. साडेचार फुटांवर एकेक वाफा, लोखंडी साच्याने २५ सेंटिमीटरवर भोकं, नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. जुनी मुळं जमिनीतच कुजू द्यायची. त्यातला तणनाशकाचा वापर मला खटकतो, पण कमरेतून वाकून लावणी करणाऱ्या बायकांची पाठ वाचते हे खटकण्यापेक्षा मोठं आहे.

एका उंचीविषयी मात्र बोललं जात नाही. खारेपाटात बंगला किंवा गोदाम बांधायचं म्हणजे आधी डोंगर फोडून मुरूम आणायचा आणि शेतावर पाच-सहा फूट भराव टाकायचा. म्हणजे संपूर्ण प्लॉटच एक उंच वाफा झाला, पण त्याची उघाडी कुणी ठेवत नाही. भरावाखाली नाला बुजला की पाणी शेजारच्या भातात थांबतं. पेटीच्या तळाला भोकं आहेत का हे विचारणाऱ्या मालकाने प्लॉट घेताना तोच प्रश्न विचारलेला क्वचितच आढळतो.

पेटी आणलीच असेल तर तिचा खरा हंगाम दिवाळीपासून आहे. पाऊस ओसरलेला, माती धुतलेली, ऊन अजून मवाळ. तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला मेथी, मुळा, माठ पेरावा. कडेने वाल टोकावा. पांढऱ्या कांद्याची रोपं मिळाली तर दोन ओळी. पश्चिमेच्या बाजूला पत्र्यावर सावली पडेल अशी कर्दळ लावावी. होळीनंतर पेटी मोकळी करून वर वीतभर पेंढा पसरायचा आणि मृगापर्यंत तिच्यात काही लावायचं नाही.