पाने उडविणारे यंत्र : ज्येष्ठांच्या हाती कितपत सोयीचे?

माघ सरत आला की अंगणातील बदामाची पाने तांबूस होऊन गळू लागतात. पाठोपाठ पिंपळ, गुलमोहर, पर्जन्यवृक्ष यांची पानगळ सुरू होते. आंबा आणि फणस तर बारमाही पाने ढाळीत असतात. अनेक घरांत अंगण झाडण्याचे काम ज्येष्ठांनी आपणहून स्वतःकडे ठेवलेले असते. ते केवळ काम नसते; दिवसाची सुरुवात, थोडा व्यायाम आणि घरातील आपल्या स्थानाची खूणही असते. परंतु सत्तरीनंतर खराटा घेऊन वाकणे पाठीला सोसत नाही. मग मुले बॅटरीवर चालणारा, बिनवायरचा ‘लीफ ब्लोअर’ आणून देतात. साधारण दोन ते चार हजार रुपयांत मिळणारे हे यंत्र खरोखर उपयोगी पडते का, हे खोक्यावरील जाहिरातीवरून नव्हे, तर ते ज्या हातांत जाणार त्या हातांवरून ठरवावे लागते.

नेमका लाभ कोणता?

कमरेतून पुढे वाकून, त्याच स्थितीत अंग वळवीत झाडताना कण्याच्या मणक्यांवर मोठा दाब येतो. हाडे ठिसूळ झालेल्या व्यक्तीला एवढ्यानेही मणका दबून अस्थिभंग होऊ शकतो. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांना वाकून एकदम उठल्यावर भोवळ येते. ताठ उभे राहून काम करता येणे हा या यंत्राचा खरा लाभ होय. वायर नसणे हाही ज्येष्ठांच्या दृष्टीने मोठा गुण आहे, कारण जमिनीवर लोळणारी वायर पायात अडकून पडण्याचे एक नेहमीचे कारण ठरते.

पण येथेच पहिली मेख आहे. स्वस्त यंत्रांपैकी अनेकांची नळी आखूड असते. ती जमिनीजवळ न्यायची तर पुन्हा वाकावेच लागते! म्हणून खरेदीपूर्वी एक साधे माप घ्यावे. वापरणाऱ्या व्यक्तीला ताठ उभे करून, हात सैल सोडून, मुठीपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. मुठीत धरलेल्या यंत्राच्या नळीचे टोक जमिनीपासून वीतभर अंतरावर येत असेल तरच ते यंत्र उपयोगाचे. जोडनळी मिळत असल्यास ती लावूनच पाहावे.

हाताला पेलेल का?

बॅटरीसह अशा यंत्राचे वजन बहुधा एक ते दोन किलो असते. दुकानात क्षणभर उचलून हे वजन कळत नाही. घरी दोन लिटरची पाण्याची बाटली भरावी. तिचे वजन सुमारे दोन किलो होते. ती एका हातात धरून अंगणात पाच मिनिटे सावकाश फिरावे. खांदा दुखू लागला, हात थरथरला किंवा तोल एका बाजूला जाऊ लागला, तर जड यंत्राचा विचार सोडून द्यावा. एक लिटरच्या बाटलीने हीच चाचणी पुन्हा करावी. तीही जड वाटली तर हे काम दुसऱ्या कोणी करणेच इष्ट.

बोटांच्या सांध्यांत संधिवात असेल, तर चाप सतत दाबून धरावा लागणारे यंत्र घेऊ नये. वेग एकदा ठरवून स्थिर ठेवणारी कळ असलेले घ्यावे. हृदयात पेसमेकर असल्यास चालू यंत्र छातीपासून किमान फूटभर दूर राहिले पाहिजे, आणि वापरण्यापूर्वी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारले पाहिजे.

आकड्यांचा अर्थ

खोक्यावर ‘२१ व्होल्ट’ असे लिहिलेले असते. आत सामान्यतः पाच लिथियम सेल असतात. पूर्ण भारित झाल्यावर प्रत्येकाचे ४.२ व्होल्ट, म्हणजे मिळून २१. प्रत्यक्ष काम मात्र सुमारे १८ व्होल्टवर चालते. काही अतिस्वस्त बॅटऱ्यांवर ४८ किंवा ८८ असे आकडे ठळकपणे छापलेले आढळतात. आत पाचच सेल असतील तर त्या आकड्यांना अर्थ नाही.

बॅटरी किती वेळ पुरेल, हे घरीच काढता येते. १८ व्होल्ट आणि २ अँपिअर-तास यांचा गुणाकार ३६ वॉट-तास. मोटार पूर्ण वेगाने ३०० वॉट ओढत असेल तर ही बॅटरी जेमतेम ७ मिनिटे चालेल. मंद वेगाने १०० वॉट ओढल्यास २० मिनिटांहून थोडी अधिक. जाहिरातीतील ‘२० मिनिटे’ बहुधा मंद वेगाची असतात. दोन बॅटऱ्या सोबत मिळत असतील तर ती किंमत सत्कारणी लागते. शिवाय एक संपली की आपसूक विश्रांतीही घडते.

वाऱ्याच्या वेगाचा आकडाही एकटा पाहू नये. नळीचे तोंड अरुंद केले की वेग वाढतो. पानांचा ढीग पुढे सरकविण्यासाठी एका मिनिटात किती हवा बाहेर पडते, हे अधिक महत्त्वाचे असते. बदामाची कोरडी, मोठी पाने लहान यंत्रानेही सहज सरकतात. गुलमोहराची बारीक पाने फरशीच्या फटींत अडकतात, आणि फणसाची ओली पाने जमिनीला चिकटली की स्वस्त यंत्राचा इलाज चालत नाही.

धूळ आणि आवाज

खराट्याने धूळ उडते, पण ब्लोअरने ती श्वासाच्या उंचीपर्यंत येते. दमा किंवा श्वसनमार्गाचा जुनाट विकार असलेल्यांनी हे यंत्र चालवू नये. चालू असताना जवळपासही थांबू नये. चेहऱ्यावर पदर किंवा रुमाल बांधल्याने सूक्ष्म धूळ अडत नाही. इतरांनी ‘एन-९५’ मास्क लावावा. उडालेला खडा डोळ्यात जाऊ नये म्हणून बाजूंनी बंद असलेला चष्मा हवा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर नेत्रतज्ज्ञांनी परवानगी देईपर्यंत या कामापासून दूरच राहावे.

दिवसातील आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही कानांच्या सुरक्षिततेची प्रचलित मर्यादा मानली जाते, आणि दर ३ डेसिबल वाढीमागे सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे ८८ डेसिबलला चार तास, ९१ डेसिबलला दोन. अंगणापुरत्या दहा मिनिटांनी कान बिघडतील असे नाही. पण आधीच ऐकू कमी येत असेल तर कानांवर संरक्षक आवरण घ्यावे. श्रवणयंत्र काढून ठेवावे. अशा वेळी मागून येणारे वाहन वा हाक ऐकू येत नाही, म्हणून काम फाटकाच्या आतच करावे.

वापरण्याची रीत

पहाटे शेजारी झोपलेले असताना यंत्र सुरू करू नये. न्याहारीनंतर, ऊन चढण्यापूर्वीची वेळ उत्तम. पायात घट्ट बसणारी, न घसरणारी पादत्राणे असावीत. अंगण शेवाळलेले किंवा ओले असेल तर त्या दिवशी काम टाळावे. वारा पाठीमागून येईल असे उभे राहून, मंद वेगाने, भिंतीपासून मोकळ्या बाजूकडे पाने लोटावीत. रस्त्यावर किंवा शेजाऱ्यांच्या दारात लोटू नयेत. कुंड्यांकडे व वाफ्यांकडे झोत नेऊ नये. वरची सुपीक माती उडून जाते.

यंत्र पाने फक्त ढकलते, उचलत नाही. हे अनेकांच्या खरेदीनंतर लक्षात येते. जुनी चादर जमिनीवर अंथरून पाने तिच्यावर लोटावीत आणि ती ओढत न्यावी. भरलेले पोते उचलू नये. हा भाग घरातील दुसऱ्या व्यक्तीने करावा. पाने जाळू मात्र नयेत : उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये बंदी घातली आहे, आणि तो धूर ज्येष्ठांच्या फुप्फुसांना घातकच असतो. झाडाच्या बुंध्याभोवती पसरली तर हीच पाने ओलावा राखतात व त्यांचे खत होते.

बॅटरी उन्हात किंवा स्वयंपाकघरात ठेवू नये. सोबतच्याच चार्जरने, कोणी जागे असताना भारित करावी. गरम झालेली बॅटरी थंड होऊ द्यावी. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये, केरातही टाकू नये. ती ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी. बॅटरीवर भारतीय मानक ‘आयएस १६०४६’ची नोंद आहे का, सुटी बॅटरी पुढेही मिळेल का आणि दुरुस्ती केंद्र गावात आहे का, हे विचारूनच पैसे द्यावेत.

घ्यावे की न घ्यावे?

अंगण दोन-तीनशे चौरस फुटांचे असेल तर लांब दांड्याचे हलके दाताळे पुरेसे आहे. त्याला आवाज नाही, बॅटरी नाही. अंगण मोठे, फरसबंद आणि पाने कोरडी असतील, वापरणाऱ्याचे श्वसन ठीक असेल आणि बाटलीची चाचणी पार पडली असेल, तर हलके, लांब नळीचे, दोन बॅटऱ्यांचे साधे यंत्र घेण्यास हरकत नाही.

काळजी घेणाऱ्यांना एक विनंती. यंत्र आणताना “आता तुम्ही राहू द्या” असे म्हणून अंगण त्यांच्याकडून काढून घेऊ नका. कोणती पाने कुठे न्यायची, वाफ्यावर किती राहू द्यायची, हे त्यांनाच ठरवू द्या. यंत्र पेलत नसेल तर ते आपण चालवा, आणि दाताळ्याने कडेची चार पाने ओढण्याचे काम त्यांच्याकडे असू द्या. पाठ वाचली पाहिजे हे खरेच, पण ती वाचविताना माणूस अंगणातून उठून खुर्चीत जाऊन बसला, तर स्वस्तातले यंत्रही फार महाग पडते.