लेण्याद्री : दगडाची साक्ष

अष्टविनायकांपैकी डोंगरातल्या लेण्यात असलेले देवस्थान एकच, जुन्नरजवळच्या लेण्याद्रीचा गिरिजात्मज. पार्वतीने पुत्रप्राप्तीसाठी येथे तप केले, अशी कथा भाविकांना सांगितली जाते. कथेला पुरावा लागत नाही. परंतु ज्या दगडात हा देव बसला आहे, तो दगड वेगळे काही सांगतो आणि ते वाचायला आपण शिकले पाहिजे.

तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून आपण पोहोचतो ते सातवे लेणे. पुढे खांबांचा व्हरांडा, आत एकही खांब नसलेले विस्तीर्ण दालन. दालनाच्या दोन्ही बाजूंना सात-सात आणि मागच्या भिंतीत सहा, अशा वीस खोल्या. देवळाला वीस खोल्या कशाला लागतात? हा विहार आहे. पावसाळ्यात भिक्खू एके ठिकाणी वर्षावास करीत. ह्या खोल्या त्यांच्या निवासाच्या. मागच्या भिंतीतल्या मधल्या दोन खोल्या एक करून तेथे गणपती बसवला गेला. शेजारचे सहावे लेणे चैत्यगृह आहे, आत स्तूप आहे. ही लेणी साधारण इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांतली. गणेशमूर्ती सर्रास दिसू लागतात त्या गुप्तकाळापासून पुढे.

चैत्यगृहावरील ब्राह्मी लेखात दात्याचे नाव आहे : कल्याणच्या हेरणिकाचा, म्हणजे सोनाराचा, पुत्र सुलसदत. जुन्नर परिसरातील इतर लेखांत धान्यव्यापाऱ्यांची श्रेणी भेटते, यवन दाते भेटतात. एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणीकडे दानाचा पैसा ठेवल्याची नोंद आहे. संघासाठीची ठेव ज्यांच्याकडे विश्वासाने सोपवावी अशी बांबूकाम करणाऱ्यांची पत त्या काळी होती. पुढच्या समाजव्यवस्थेने बांबूचे काम करणाऱ्या बुरुडाला अस्पृश्य ठरवले. आज बुरूड अनुसूचित जातींच्या यादीत आहेत. धंदा तोच, माणसाची किंमत मात्र बदलली. ही घसरण कशी झाली, हा प्रश्न आमच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांनी कधी विचारला नाही.

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. म्हणून विद्यार्थ्यांना येथे आणले तेव्हा एका मुलाचा प्रश्न मला परका वाटला नाही. तो हळूच म्हणाला, "सर, आपण आत जायचं का?" त्याच्या आजोबांच्या पिढीला हा प्रश्न विचारण्याचीही सोय नव्हती. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तो माणूसपणाच्या हक्कासाठी. आणि १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. मी त्या मुलाला म्हणालो, "जा, आणि खोल्या मोज." तो मोजून आला. मग त्याने दुसरा प्रश्न विचारला, "सर, इथं राहणारे गेले कुठं?"

या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. राजाश्रय, व्यापारी मार्ग, ब्राह्मणी धर्माचा उदय, सगळेच तपासावे लागेल. मूर्ती हलवण्याची भाषा मात्र येथे निरुपयोगी आहे. वर येणारी भाविक माणसे आपलीच, शेतकरी-कष्टकरी आहेत. त्यांच्याशी भांडण काढून इतिहास त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाही. शिक्षकांनी सहल आणावी, सातवे लेणे पाहून झाल्यावर सहाव्यातला स्तूप दाखवावा, सुलसदताचे नाव फळ्यावर लिहावे. कार्यकर्त्यांनी ब्राह्मी लिपीचे वर्ग घ्यावेत. अक्षरांवाचून आपल्याला शतकानुशतके दूर ठेवले गेले. आता भिंतीवरची अक्षरे वाचण्यासाठी दुसऱ्या कोणाची वाट पाहायची नाही.