वजनकाटा आणि टेप

बेंगळुरूच्या जुन्या किल्ल्यालगत 1892 मध्ये चामराजपेट वसवली गेली, तेव्हा दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे साधन अस्तित्वात नव्हते. इटलीच्या रीवा-रोची यांनी ते 1896 मध्ये मांडले, आणि धमनीतला आवाज ऐकून वरचा व खालचा असे दोन्ही आकडे काढण्याची रीत रशियन शल्यचिकित्सक कोरोत्कोव्ह यांनी 1905 मध्ये दाखवली. पेठेजवळचे व्हिक्टोरिया रुग्णालय या दोन शोधांच्या मधले, 1900 सालचे. शरीराच्या मापाचे सूत्र मात्र त्याहून जुने आहे. बेल्जियमचे केटले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वजन व उंचीचा वर्ग यांचा मेळ घातला होता. 1972 मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी वजन भागिले उंचीचा वर्ग या भागाकाराला बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय, हे नाव दिले, आणि लोकसमूहाच्या वर्णनासाठी योजलेला आकडा पुढे एकेका रुग्णाला सरसकट लावला गेला.

वास्तविक मार्सेच्या झाँ व्हाग यांनी 1947 मध्येच चरबी किती यापेक्षा ती कोठे साठते हे महत्त्वाचे असल्याचे सुचवले होते. भारतापुरता हा विचार पुण्याच्या केईएम रुग्णालयात पक्का झाला. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 मध्ये दाखवले, की रक्तातील वाढत्या साखरेचा संबंध एकूण लठ्ठपणापेक्षा पोटाच्या घेराशी अधिक आहे. 2004 मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे मांडली: दोघांचा बीएमआय 22.3, पण शरीरातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के. इतका नेमका पुरावा इतक्या मिस्कीलपणे क्वचितच मांडला गेला असेल.

पोटाच्या घेराचा साखरेशी संबंध असण्याचे कारण असे, की आतड्यांभोवतीची चरबी स्निग्धाम्ले सोडते, ती थेट यकृताकडे जातात आणि इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो, म्हणजे साखर पेशींत शिरायला अडते. शिवाय वाढलेल्या इन्सुलिनमुळे मूत्रपिंडे मीठ धरून ठेवतात, त्यामुळे रक्तदाबही चढतो. तरीही रक्तदाबावर वय, आहारातील मीठ आणि आनुवंशिकता यांचा वाटा मोठा असल्याने सडसडीत माणूसही त्यातून सुटत नाही. बारीक अंगकाठीवर विसंबून दाब न तपासणे ही त्यामुळे चूकच ठरते.

2009 मध्ये भारतीय तज्ज्ञांनी अधिक वजनाची मर्यादा 25 ऐवजी 23 बीएमआयवर आणली, आणि कंबरेच्या घेरासाठी पुरुषांना 90, स्त्रियांना 80 सेंटिमीटर अशा सीमा ठरवल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कंबर व नितंबाची मापे 2019-21 च्या फेरीपासून घेतली गेली. वजनकाटा त्यात कित्येक वर्षे आधी पोहोचला होता, टेपला एवढा उशीर का व्हावा हे कोडेच आहे. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीत प्रौढांपैकी 11.4 टक्क्यांना मधुमेह, 35.5 टक्क्यांना उच्च रक्तदाब, तर 39.5 टक्क्यांना पोटाचा लठ्ठपणा आढळला. माप घेण्यातही गफलत होते: शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडल्यावर, अंगालगत टेप धरायची असते, पण पुष्कळ पुरुष पँटचा नंबर सांगतात, आणि ती पँट सुटलेल्या पोटाच्या खाली बांधलेली असते.